दुहेरी ध्वनिक्षेपक आणि दशावताराचा शब्द

१

दक्षिण कोकणातील दशावतार हा अलिखित नाट्यप्रकार आहे. मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी या तालुक्यांत आणि गोव्यातील पेडणे महालात तो आजही जिवंत आहे. वालावलकर, मोचेमाडकर, खानोलकर, चेंदवणकर, पार्सेकर इत्यादी मंडळ्यांची नावे या प्रदेशात घरोघरी परिचित आहेत. ग्रामदैवताच्या वार्षिक जत्रेत पालखीची प्रदक्षिणा झाली की देवळासमोरच्या मांडवात आडदशावतारास प्रारंभ होतो. गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव, संकासुर ही पात्रे येऊन जातात. त्यानंतर पुराणातील एखादे आख्यान लागते आणि ते पहाटेपर्यंत चालते. शेवटी दहीहंडी फुटते. म्हणूनच या खेळास दहीकाला असेही म्हणतात. पायपेटी, मृदंग आणि झांज एवढीच वाद्ये असतात. नेपथ्य म्हणून एक बाकडे पुरते. आख्यानाचे कथानक नटांना ठाऊक असते, पण संवादाची लिखित संहिता नसते. देव, राजे आणि ऋषी संस्कृतप्रचुर मराठी बोलतात, विनोदी पात्रे मालवणी बोलतात, आणि हे सर्व भाषण नट त्या रात्री, त्या रंगमंचावर, समोरच्या नटाच्या बोलण्यास उत्तर म्हणून रचीत असतो.

या वस्तुस्थितीचा एक परिणाम सहसा ध्यानात घेतला जात नाही. लिखित नाटकातील एखादे वाक्य प्रेक्षकास ऐकू आले नाही तरी ते पुस्तकात शिल्लक राहते. दशावतारातील जे वाक्य ऐकू आले नाही ते कोठेच शिल्लक राहत नाही. या नाट्यप्रकारात श्रवण हीच संहिता होय. म्हणून नटाचा कंठ आणि प्रेक्षकाचा कान यांच्या दरम्यान जे यंत्र येऊन उभे राहिले आहे, त्याचा इतिहास हा भाषेच्या अभ्यासकांचाही विषय ठरतो. ते यंत्र म्हणजे ध्वनिक्षेपक. लोकांच्या भाषेत लाउडस्पीकर, कर्णा किंवा भोंगा.

प्रस्तुत निबंधात या यंत्राच्या एका विशिष्ट प्रकाराचा, म्हणजे आवाजाची दोन भागांत वाटणी करणाऱ्या दुहेरी ध्वनिक्षेपकाचा, विचार केला आहे. आवाजाचे दोन भाग कोणत्या ठिकाणी करावयाचे हा प्रश्न आजवर अभियंत्यांनी यंत्राच्या सोयीने सोडविला. परंतु भाषेच्या दृष्टीने पाहता तो वर्णांच्या सीमारेषेचा प्रश्न आहे, आणि मराठीसारख्या भाषेत त्याचे उत्तर अधिक सावधपणे द्यावे लागते, असे येथे दाखवावयाचे आहे.

२

'कर्णा' हा शब्द या यंत्राहून पुष्कळ जुना आहे. फारसीतून आलेला हा शब्द मराठीत मूळचा एका लांब तुतारीचा वाचक होता. नगारखान्यातील वाद्यांत कर्ण्याचा समावेश असे. संस्कृत 'कर्ण' शब्दाशी त्याचे रूप जुळत असल्याने तो कानाशी संबंधित असावा असा समज सहज होतो, पण तो निव्वळ योगायोग आहे. पुढे ग्रामोफोनच्या फुलासारख्या नळकांड्यास कर्णा हेच नाव पडले आणि त्यानंतर ते सभामंडपावरच्या ध्वनिक्षेपकास लागले. वाद्य, ग्रामोफोन आणि ध्वनिक्षेपक या तिन्हींत समान होता तो आकार. लोकांनी यंत्राचे नाव त्याच्या तोंडावरून ठेवले, आणि यंत्राच्या इतिहासातही दीर्घकाळ तोंडासच महत्त्व होते.

अर्न्स्ट सीमेन्स यांनी १८७४ मध्ये चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या वेटोळ्याचे तत्त्व पेटंटात नमूद केले. १८९८ मध्ये ऑलिव्हर लॉज यांनी त्याच तत्त्वावर मोठ्याने बोलणाऱ्या दूरध्वनीचे पेटंट घेतले. परंतु विद्युत्संदेशास पुरेसे बळ देणारा विवर्धक तोवर निर्माण झालेला नव्हता, त्यामुळे या कल्पना कागदावरच राहिल्या. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी कॅलिफोर्नियात हलत्या वेटोळ्यास कर्णा जोडला आणि १९१५ च्या नाताळच्या पूर्वसंध्येस सॅन फ्रान्सिस्को येथे मोठ्या जमावापुढे त्याचा प्रयोग केला. १९१९ मध्ये अध्यक्ष विल्सन यांनी सॅन डिएगो येथील प्रचंड सभेत त्यांच्याच यंत्रातून भाषण केले. सार्वजनिक वक्तृत्वाच्या इतिहासात येथून नवे पर्व सुरू झाले असे म्हणता येईल. वक्त्याच्या फुफ्फुसांची शक्ती ही सभेच्या आकाराची मर्यादा राहिली नाही.

१९२५ मध्ये चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कर्ण्यावाचून चालणाऱ्या, कागदी शंकूच्या ध्वनिक्षेपकावरील निबंध प्रसिद्ध केला. आजचा बहुतेक प्रत्येक घरगुती ध्वनिक्षेपक त्या रचनेचाच वंशज आहे. शंकूने खालचे स्वर दिले, आवाजास भरीवपणा दिला. मात्र कर्ण्याची कार्यक्षमता त्यात नव्हती. शंकूला मिळालेल्या विद्युत्शक्तीपैकी सुमारे एक शतांश भागच ध्वनीच्या रूपाने बाहेर पडतो. कर्ण्यात हे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक असते. उघड्या मैदानावर, अल्प शक्तीच्या विवर्धकावर, कर्णाच टिकून राहिला याचे कारण येथे आहे.

हिंदुस्थानातही हाच क्रम दिसतो. स्वातंत्र्यचळवळीतील सभांच्या छायाचित्रांत वक्त्यांपुढील माइकवर 'शिकागो रेडिओ' ही अक्षरे वारंवार आढळतात; मोटवाने यांच्या या व्यवसायाने देशातील मोठ्या राजकीय सभांना आवाज पुरविला. दिल्लीत १९४० मध्ये स्थापन झालेल्या अहुजा रेडिओज या कारखान्याची उपकरणे पुढे देशभर, लहानसहान गावांतही, पोचली. चित्रपटगृहात मात्र वेगळ्या यंत्राची गरज होती. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' लागला आणि पुढच्याच वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला. बंदिस्त गृहात दोन-तीन तास बसून संवाद आणि संगीत ऐकणाऱ्या प्रेक्षकाचे समाधान केवळ मोठ्या आवाजाने होणारे नव्हते.

३

येथे मूलभूत अडचण अशी की एकच पडदा सर्व कंप्रतांना न्याय देऊ शकत नाही. खालचा स्वर उत्पन्न करण्यास पुष्कळ हवा हलवावी लागते. त्यासाठी पडदा मोठा आणि जड लागतो. वरचा स्वर उत्पन्न करण्यास पडदा एका सेकंदात हजारो वेळा मागेपुढे व्हावा लागतो; त्यासाठी तो लहान आणि हलका लागतो. शिवाय पडद्याच्या व्यासाच्या मानाने ध्वनीची तरंगलांबी लहान झाली की ध्वनी सर्वत्र न पसरता दिव्याच्या झोतासारखा सरळ जातो. समोर बसलेल्यास स्पष्ट आणि बाजूस बसलेल्यास अस्पष्ट ऐकू येते. यावर उपाय म्हणजे काम दोघांत वाटून देणे. खालच्या कंप्रतांसाठी वूफर, वरच्यांसाठी ट्वीटर, आणि आलेल्या विद्युत्संदेशाची या दोघांत वाटणी करणारे क्रॉसओव्हर मंडल, अशी दुहेरी ध्वनिक्षेपकाची रचना असते.

२७ एप्रिल १९३३ रोजी बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फिया येथे चाललेले वाद्यवृंदाचे वादन तारांवरून वॉशिंग्टनला नेऊन तेथील श्रोत्यांस ऐकविले. त्या प्रयोगातील ध्वनिक्षेपक दुहेरी होते आणि वाटणी सुमारे ३०० हर्ट्झवर केलेली होती. त्यानंतर मेट्रो-गोल्डविन-मेयरमध्ये डग्लस शिअरर, जॉन हिलिअर्ड आणि त्यांचे सहकारी यांनी चित्रपटगृहांसाठी दुहेरी कर्णा सिद्ध केला. त्यास चित्रपट अकादमीचे तांत्रिक पारितोषिक मिळाले. १९४५ मध्ये ऑल्टेक लान्सिंगने 'व्हॉइस ऑफ द थिएटर' या नावाने जी मालिका काढली तिच्या प्रसिद्ध नमुन्यांत वाटणीची कंप्रता ५०० किंवा ८०० हर्ट्झ होती.

घरगुती ध्वनिक्षेपकांचा मार्ग निराळा झाला. इंग्लंडात गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९३२ मध्ये व्हार्फडेल हा व्यवसाय सुरू केला आणि १९४८ मध्ये ध्वनिक्षेपकांवर सामान्य वाचकास समजेल असे पुस्तक लिहिले. त्याच सुमारास, १९४७ मध्ये, 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात विल्यमसन यांच्या विवर्धकाची रचना प्रसिद्ध झाली. मासिकातील आकृती पाहून स्वतःच्या हाताने यंत्र जुळविणाऱ्या हौशी मंडळींची पिढी यातून उभी राहिली. घरगुती पेटी लहान हवी, ट्वीटरही लहान हवा. म्हणून वाटणी वर सरकत २००० ते ३५०० हर्ट्झच्या पट्ट्यात स्थिर झाली. बी.बी.सी.ने १९७० नंतरच्या दशकात आपल्या फिरत्या ध्वनिमुद्रण-गाड्यांसाठी जी छोटी दुहेरी पेटी सिद्ध केली तिची वाटणी सुमारे ३००० हर्ट्झवर आहे.

चित्रपटगृहात ५०० ते ८००, घरात २००० ते ३५००, हा फरक यंत्रांच्या आकारमानातून आला. त्याचा भाषेवर काय परिणाम होतो हे पाहण्यापूर्वी बोलण्याचे भाग कोणत्या कंप्रतांवर वसलेले आहेत हे पाहिले पाहिजे.

४

पुरुषाच्या सामान्य बोलण्याचा मूलस्वर साधारणतः १०० ते १५० हर्ट्झ असतो. स्वरांची ओळख मुख्यतः पहिल्या दोन फॉर्मंटांवरून, म्हणजे मुखविवरातील अनुनादामुळे बळावलेल्या कंप्रतांवरून होते. त्यांचा पट्टा ढोबळमानाने ३०० ते २३०० हर्ट्झ इतका आहे. व्यंजनांची वस्ती बहुधा त्याच्या वर असते. 'श'चे घर्षण सुमारे २५०० हर्ट्झपासून वर पसरते, 'स'चे घर्षण प्रामुख्याने ४००० हर्ट्झच्या वर असते. बोलण्यातील शक्तीचा मोठा भाग खालच्या कंप्रतांत असतो आणि अर्थबोधाचा मोठा भाग वरच्या, अत्यंत क्षीण अशा कंप्रतांत असतो. आवाज मोठा येतो पण शब्द कळत नाही, या नित्याच्या तक्रारीचे मूळ या विषमतेत आहे.

१९४७ मध्ये फ्रेंच आणि स्टाइनबर्ग यांनी बेल प्रयोगशाळेतील संशोधनाच्या आधारे असे दाखविले की सुमारे १९०० हर्ट्झवर रेषा ओढली तर निरर्थक अक्षरांच्या आकलनास तिच्या खालचा आणि वरचा भाग सारखेच उपयोगी पडतात. हा निष्कर्ष इंग्रजीवरील प्रयोगांचा आहे. मराठीस तो जसाचा तसा लावता येणार नाही. तथापि घरगुती दुहेरी ध्वनिक्षेपकाची वाटणी या रेषेच्या अगदी जवळ होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. शब्दाचे आकलन जेथे दोन समान भागांत विभागले जाते त्याच सुमारास यंत्रही त्याचे दोन तुकडे करते.

मराठीच्या दृष्टीने येथे दोन वर्णभेद विशेष विचारार्ह आहेत. पहिला तालव्य आणि दंततालव्य यांचा. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा. 'जरा' म्हणजे म्हातारपण आणि 'जरा' म्हणजे थोडेसे. लेखनात या जोड्या एकरूप आहेत. त्यांतील भेद केवळ उच्चारात आहे आणि तो घर्षणाच्या वरच्या कंप्रतांवर अवलंबून आहे. हे काम ट्वीटरचे. ज्या कर्ण्यातून फार वरच्या कंप्रता बाहेर पडत नाहीत त्यात हा भेद पुसट होतो आणि श्रोता संदर्भाने तो भरून काढतो.

दुसरा भेद दंत्य आणि मूर्धन्य यांचा. 'काल' आणि 'काळ', 'वेल' आणि 'वेळ', 'मन' आणि 'मण' या जोड्यांत जीभ मागे वळते तेव्हा तिसरा फॉर्मंट खाली उतरतो. ही घसरण साधारणतः २००० ते ३००० हर्ट्झच्या पट्ट्यात घडते. मूर्धन्याची खूण अशी नेमकी तेथे आहे जेथे वूफर काम सोडतो आणि ट्वीटर ते उचलतो. वाटणीत थोडा जरी दोष राहिला तरी त्याचा आघात प्रथम या भेदावर होतो. इंग्रजीत 'ल' आणि 'ळ' असे दोन स्वतंत्र वर्ण नाहीत, 'न' आणि 'ण' असेही नाहीत. तेथील श्रोत्यास या पट्ट्यातील लहानसा खळगा केवळ आवाजाच्या गोडीतील फरक म्हणून जाणवेल. मराठी श्रोत्याच्या बाबतीत शब्दच बदलण्याचा संभव उत्पन्न होतो.

दशावतारात हे सर्व एकाच रात्रीत एकत्र येते. राजपार्टीच्या तोंडी 'प्राणनाथ', 'रणांगण', 'काळपुरुष' असे शब्द असतात. स्त्रीपार्टी करणारा पुरुष आपला मूलस्वर चढवून बोलतो. मूलस्वर जितका चढतो तितके त्याचे उपस्वर एकमेकांपासून दूर पडतात आणि फॉर्मंटांची रेखा विरळ होते. विनोदी पात्राच्या मालवणीत 'खंय', 'थंय' यांसारखी अनुनासिके येतात. याच वेळी झांज वरच्या कंप्रतांवर आणि मृदंग खालच्या कंप्रतांवर आपला हक्क सांगत असतात. चंद्रशेखर व्यंकट रामन् यांनी १९२० मध्ये एका सहकाऱ्यासह भारतीय चर्मवाद्यांतील सुसंवादी उपस्वरांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले होते. शाई लावलेल्या पुडीचा हा स्पष्ट, सुरेल नाद कर्ण्यातून आला की त्याचा खालचा आधार नाहीसा होतो आणि उरतो तो केवळ ठोका.

५

अशा श्रवणासाठी स्वतःच्या हाताने दुहेरी ध्वनिक्षेपक रचावयाचा तर काय करावे लागते, हे एका उदाहरणाने पाहता येईल. दोन्ही घटकांचा रोध ८ ओहम मानला आणि वाटणी २५०० हर्ट्झवर करावयाची ठरविली, तर अगदी साध्या मंडलास ट्वीटरच्या वाटेवर सुमारे ८ मायक्रोफॅरडचे धारित्र आणि वूफरच्या वाटेवर सुमारे ०.५१ मिलिहेन्रीचे वेटोळे पुरते. धारित्र खालच्या कंप्रता अडविते, वेटोळे वरच्या अडविते. ही अडवणूक सौम्य असते. एका सप्तकात ६ डेसिबल. त्यामुळे ट्वीटरवर नको तितका खालचा भार येतो. वाटणीची कंप्रता निम्मी केली तर तेवढाच आवाज देण्यास ट्वीटरच्या पडद्यास चौपट अंतर हलावे लागते, यावरून या भाराची कल्पना येईल.

म्हणून दोन पायऱ्यांचे, सप्तकास १२ डेसिबल उताराचे मंडल अधिक वापरात आहे. सीगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि लिंकविट्झ-रायली या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीनुसार वरील उदाहरणात प्रत्येक वाटेवर सुमारे ४ मायक्रोफॅरडचे एक धारित्र आणि सुमारे १.०२ मिलिहेन्रीचे एक वेटोळे लागते. या रचनेत वाटणीच्या कंप्रतेवर दोन घटकांचे ध्वनी परस्परविरुद्ध अवस्थेत येतात. म्हणून एका घटकाच्या तारा उलट जोडावयाच्या असतात. त्या उलट न जोडल्यास २५०० हर्ट्झवर दोन्ही ध्वनी एकमेकांस खाऊन टाकतात. पेटी वाजते, आवाज मोठा येतो, काही बिघडले आहे असे वरवर वाटत नाही. मात्र 'ल' आणि 'ळ' यांना वेगळे करणारा पट्टा नाहीसा झालेला असतो.

हे आकडे पाठ्यपुस्तकातील आहेत, आणि प्रत्यक्षात घटकाचा रोध सर्व कंप्रतांवर ८ ओहम राहत नाही. वूफरच्या वेटोळ्याचे प्रवर्तन वरच्या कंप्रतांवर रोध वाढविते. त्याच्या अनुनादाच्या जागीही रोध चढतो. केवळ सूत्रावरून जुळविलेले मंडल पुष्कळदा अपेक्षाभंग करते याचे कारण हे आहे. रोधाची वाढ सपाट करण्यासाठी वूफरला समांतर असे एक रोधक आणि एक धारित्र यांचे लहानसे मंडल जोडतात.

पेटीच्या बाबतीत ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत जे गणित मांडले त्याने पूर्वीचा अंदाजपंचे कारभार संपविला. बंद पेटीचे उदाहरण घेता, ज्या वूफरचा एकूण गुणांक ०.४ आणि समतुल्य हवेचे घनफळ ३० लिटर आहे, त्यास सुमारे १४ लिटरची पेटी योग्य ठरते. त्याचा मुक्त अनुनाद ४० हर्ट्झवर असेल तर पेटीत तो सुमारे ७१ हर्ट्झवर जातो. बोलण्यास हे विपुल आहे आणि मृदंगासही पुरेसे आहे.

किनाऱ्यावर आणखी एका गोष्टीची भर पडते. सिंधुदुर्गात वर्षास ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि हवेत मीठ असते. भुसा दाबून केलेल्या फळ्या ओल धरून फुगतात, प्लायवुड त्या मानाने टिकते. कागदी शंकू ओल शोषून जड होतो आणि त्याचा अनुनाद सरकतो. लोखंडी स्क्रू आणि तारांचे जोड गंजतात. लाकूडकामाची आणि लाखकामाची परंपरा सावंतवाडीच्या चितारी कारागिरांमुळे या जिल्ह्यात प्रसिद्धच आहे. पेटी बांधण्याचे कौशल्य येथे उपरे नाही. पेटीच्या आतील गणित तेवढे नवे आहे. धारित्रे आणि वेटोळी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात, आणि या किनाऱ्यावरील जवळपास प्रत्येक घराचा एक चाकरमानी मुंबईत असतो.

पेटी कोठे ठेवावयाची हाही रचनेचाच भाग होय. २५०० हर्ट्झवर ध्वनीची तरंगलांबी सुमारे १३.७ सेंटिमीटर आहे. वूफर आणि ट्वीटर यांच्या मध्यांतील अंतर १६ सेंटिमीटर असेल तर समोरच्या रेषेपासून सुमारे २५ अंश खाली बसलेल्या श्रोत्यास दोघांच्या मार्गांत अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडतो आणि ती कंप्रता पुन्हा नष्ट होते. जत्रेतील प्रेक्षक जमिनीवर बसलेला असतो आणि ध्वनिक्षेपक वाशावर उंच टांगलेला असतो. सर्वांत पुढे बसलेली मुले आणि वृद्ध, ज्यांना शब्द सर्वांत स्पष्ट ऐकू यावयास हवा, तीच या कोनात सापडतात. पेटी थोडी खाली कलती बांधली की हा दोष बहुतांशी दूर होतो. त्यास खर्च काहीच नाही.

६

येथपर्यंतच्या विवेचनावरून एक निष्कर्ष निघतो. बोलण्यासाठी रचलेल्या यंत्रात वाटणीची रेषा मूर्धन्यांच्या पट्ट्यातून जाऊ देऊ नये हे उत्तम. चित्रपटगृहातील जुन्या दुहेरी कर्ण्यांत ती ८०० हर्ट्झ किंवा त्याच्या खाली होती. परिणामतः दुसरा आणि तिसरा फॉर्मंट व सर्व घर्षक वर्ण एकाच घटकातून निघत. त्या अभियंत्यांपुढे मराठी नव्हती, पण त्यांनी केलेली निवड मराठीस अनुकूल आहे. लहान घरगुती पेटीत हे साधत नसेल तर वाटणी निर्दोष असली पाहिजे, आणि तिची परीक्षा संगीताच्या तबकडीवर न घेता शब्दांच्या जोड्यांवर घेतली पाहिजे. काल-काळ, वेल-वेळ, मन-मण, जग-जग, जरा-जरा अशा जोड्या संदर्भावाचून, उलटसुलट क्रमाने, मांडवाच्या निरनिराळ्या जागी बसलेल्या श्रोत्यांस ऐकवाव्या आणि त्यांनी काय ऐकले ते लिहून घ्यावे. या परीक्षेस कोणतेही महागडे उपकरण लागत नाही, आणि ती घेण्यास ध्वनिशास्त्रज्ञाइतकाच भाषेचा विद्यार्थीही पात्र आहे.

या प्रश्नास आज आणखी एक बाजू आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरण्यास मनाई केली आणि १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईस दुजोरा दिला. सांस्कृतिक व धार्मिक प्रसंगी, वर्षातून १५ पर्यंत दिवस, मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्यशासनास आहे. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ज्या कलेचा आरंभच पालखीनंतर होतो तिचा बहुतेक सर्व वेळ या निषिद्ध काळात पडतो. नियमामागील हेतू योग्य आहे. आजाऱ्याची आणि परीक्षार्थ्याची झोप ही क्षुल्लक वस्तू नव्हे. मध्यरात्रीनंतर उघड्या मांडवात यंत्र कितीही चांगले असले तरी त्याचा उपयोग नाही, तेथे नटास पूर्वजांप्रमाणे स्वतःच्या कंठावरच विसंबावे लागेल. परंतु सवलतीच्या वेळेत, आणि मुंबईतील व जिल्ह्यातील बंदिस्त नाट्यगृहांत, स्पष्टता वाढवून आवाज कमी करणे शक्य आहे. शब्द कळत नाही म्हणून आवाज चढविला जातो. शब्द कळू लागला तर चढविण्याचे कारण उरत नाही. एक प्रचंड कर्णा दूरवर रोखण्याऐवजी प्रेक्षकांच्या जवळ, थोड्या शक्तीच्या दोन-चार दुहेरी पेट्या ठेवल्या तर मांडवात शब्द पोचेल आणि गावाच्या सीमेवर कलह होणार नाही.

अखेरीस बोलींच्या संग्रहाचा प्रश्न येतो. अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या पाहणीतील 'कुडाळी'वरील खंड १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील भाषेच्या वर्णनास त्याने पाया घातला. त्यानंतर ध्वनिमुद्रणाची साधने सर्वांच्या हाती आली आहेत आणि दशावताराचे प्रयोग मोठ्या संख्येने मुद्रित होत आहेत. हे मुद्रण पुष्कळदा मांडवातील ध्वनिक्षेपकाच्या आवाजाचेच असते. म्हणजे नटाचा उच्चार अभ्यासकापर्यंत पोचण्यापूर्वी एकदा त्या यंत्रातून गाळून आलेला असतो. अशा मुद्रणावरून एखाद्या नटाच्या बोलीत 'ळ'चा 'ल' होतो, किंवा तालव्य आणि दंततालव्य यांचा भेद लोपला आहे, असा निर्णय देण्यापूर्वी तो लोप जिभेवर झाला की क्रॉसओव्हर मंडलात, हे तपासणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. त्यासाठी मुद्रणाच्या नोंदीत नट, गाव आणि तिथी यांच्याबरोबर माइक कोठे होता, ध्वनिक्षेपक कोणत्या प्रकारचा होता आणि मुद्रण थेट विवर्धकातून घेतले की मांडवातील आवाजावरून, या तीन गोष्टी नित्य नमूद केल्या जाव्यात. संहिता नसलेल्या नाट्याच्या बाबतीत ही नोंद हस्तलिखिताच्या वर्णनाइतकीच आवश्यक आहे.